मधला तुकडा शेवटी

घनसावंगीची एसटी जालन्याहून सकाळी सातला सुटते, म्हणून मी पावणेसातलाच खिडकीची जागा धरली. पिशवीत वही, पट्टी, भिंग, पाण्याची बाटली आणि जादा चष्मा. इरा, निहाल, तुम्हा दोघांना ही हकिकत सांगायचीच होती. इरा, या प्रवासाचं कारण तू आहेस. तू पलंगावरची गोधडी शाळेत नेलीस, तिच्यावरच्या चौकोनात चौकोन बसवलेल्या टाक्यांच्या ओळी तुझ्या बाईंनी पाहिल्या आणि हा नमुना कोणी आखला असं विचारलं. मला सांगता येईना. मग जिनं ती शिवली त्या शकीलाबीलाच विचारायचं ठरवलं.

अंबडच्या पुढे गाडी पंक्चर झाली. शेजारीच सूर्यफुलाचं वावर (शेत) होतं. निहाल, मी भिंग काढून एका फुलातल्या दाण्यांच्या वळणदार रांगा मोजल्या. एका दिशेनं चौतीस, दुसऱ्या दिशेनं पंचावन्न, अगदी पुस्तकातले आकडे. कॉलेजात इतकी वर्षं हे फळ्यावर काढून दाखवलं, तरी उभ्या पिकात हिशेब जुळला की अजून आनंद होतो. सूर्यफूल कडेकडून उमलत आत जातं; त्यातली मधली बारीक फुलं सगळ्यांत शेवटी. खुरपणाऱ्या बाईनं विचारलं, "काय मोजून राह्यल्या, मावशी?" दाणे, म्हटलं. "मंग सगळंच वावर मोजून टाका, तेवढीच आम्हाला मदत," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

शकीलाबीचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. अंगणात चटईवर छोटी गोधडी पसरलेली, आणि घरात नुसती घाई. तिची मुलगी रुखसाना बाळंतपणासाठी माहेरी आली होती. चिल्ला (बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस) आदल्या दिवशी संपला होता आणि चारच्या जीपनं ती बाळाला घेऊन सासरी, अंबडला निघणार होती. त्यांच्या घरची रीत अशी, की नातवंडानं पहिल्यांदा उंबरा ओलांडायचा तो नानीच्या हातच्या गोधडीत. पण शकीलाबीच्या बोटाला विळी लागल्यानं चार दिवस सुई बंद होती, आणि मधला मोठा भाग अजून कोरा होता.

मी परत जाते म्हटलं, तर तिनं हात धरून बसवलं. टाके घालता घालता तुझ्या प्रश्नाचं उत्तरही दिलं, इरा. "आखायचं कशाला, बाई? मागची ओळ दिसती की." एका बोटाची रुंदी सोडायची, कोपरा आला की वळायचं, कापड ओढायला लागलं की बोट थोडं निजवायचं. आपली गोधडी मोजताना तुझी पट्टी दोन ओळींत वेगवेगळं अंतर का दाखवते ते कळलं ना?

मग खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) झालं आणि शकीलाबी नमाजला आत गेली. मध्ये लावायचा लाल तुकडा गोधडीवर नुसताच पडला होता. मला वाटलं, तेवढाच हातभार लावावा. चारी बाजूंनी मोजून मी अचूक मध्य काढला, तुकडा तिथं ठेवला आणि दुहेरी दोऱ्यानं पक्का टाचला. शाबासकी मिळेल या आशेनं गप्पही राहिले.

ती बाहेर आली आणि तुकड्याकडे न पाहता कडेच्या ओळीवर वाकली. तीन फेरे झाले आणि कापड मध्ये भाकरीसारखं टम्म फुगलं. तिनं तळवा फिरवला. फुगवटा इकडून तिकडे गेला, पण बसेना. बोटांना माझे टाके लागले.

"हे कुणी टाचलं?"

मी म्हटलं, मी.

शेजारच्या कौसल्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "कालेजात समदं शिकिवलं बाईनी, सुई तेवढी राहून गेली," त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

"कापड सरकत सरकत मधी येतं, बाई," शकीलाबी हळू म्हणाली. "त्याला जागा पायजे. बीचका तुकडा आखिरकू."

कडेकडून आत, मध्य शेवटी. सकाळीच भिंगातून पाहिलेलं, जन्मभर शिकवलेलं, आणि मी पट्टी घेऊन नेमकं उलट केलं होतं.

दीड वाजला होता. तीन फेरे उसवायचे आणि राहिलेले सगळे घालायचे. रुखसाना म्हणाली, उद्या जाते, फोन करते. "बिलकुल न्हाई," शकीलाबी म्हणाली. सासरी माणसं जेवायला बोलावली होती. तिनं चार सुया ओवल्या. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला रुखसाना, तिसऱ्या बाजूला शेंगा ठेवून आलेल्या कौसल्याबाई. चौथी सुई तिनं माझ्या हातात दिली. पट्टी मात्र काढून घेतली.

पहिली ओळ मी फारच वाकडी घातली. पुढच्या जरा बऱ्या झाल्या. चारला दहा मिनिटं असताना शकीलाबीनं लाल तुकडा ठेवला, अचूक मध्यापासून बोटभर डावीकडे, कापड त्याला घेऊन गेलं तिथं. त्यावर चार टाके घातले. गोधडी ताटलीतल्या पाण्यासारखी सपाट बसली. कसलीही आखणी नाही, मोजणी नाही, आणि चारी बाजूंच्या ओळी कोपऱ्याकोपऱ्यात एकमेकींना मिळालेल्या. मला या बायकांचा फार अभिमान वाटला.

माझी ती पहिली ओळ उसवते, असं मी म्हणाले. शकीलाबीनं गोधडी माझ्या हातातून काढून घेतली. "राहू द्या. पोरगं मोठं झालं की इचारंल ना ही ओळ कुणाची म्हणून." आणि बाळाला तिच्यात गुंडाळून तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. जीपवाला हॉर्न वाजवतच होता.

परतीच्या बसमध्ये बोटांची आग होत होती. मुलांनो, माझी पदवी आहे, भिंतीवर दोन प्रमाणपत्रं आहेत, ती तुम्ही पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मी फारसं बोलत नाही. पण अंबडला एक बाळ माझ्या वाकड्या ओळीखाली झोपतं, हे मात्र मी भेटेल त्याला सांगत असते.