संघ बंद झाला, आणि इराने स्केट्स काढले

शाळेत आम्ही कविता चालीवर म्हणायचो आणि गुरुजी टेबलावर छडीने ताल धरायचे, टक् टक्. आइस हॉकीच्या काठ्या बर्फावर आपटल्या की मला तोच आवाज ऐकू येतो.

मंडळी, आज सकाळी नातीला, इराला, हॉकीच्या क्लाससाठी बर्फाच्या रिंकवर नेलं. तिथे महिलांच्या व्यावसायिक संघाचे दरवर्षीचे फोटो भिंतीवरून उतरवत होते. संघ बंद झाला म्हणे. पहिल्या फोटोतल्या मुली दिवसभर नोकरी करून संध्याकाळी खेळायच्या, तेही पुरुषांचे जुने, ढगळ गणवेश घालून. इतकं सोसून उभं केलेलं, आणि एका ईमेलने संपलं!

इरा क्लास अर्धा टाकून निघाली. घरी येऊन तिने स्केट्स थेट दान करायच्या पिशवीत टाकले. मी धीर द्यायला शाळेतली एक कविता सुरू केली, तर म्हणाली, "आजोबा, प्लीज, नॉट नाऊ. मोठी होऊन मी खेळणार कुठे?"

तुम्ही काय सांगितलं असतं?

हे लिहितोय तोच बेल वाजली. दारात इराची कोच, म्हणजे त्या बंद झालेल्या संघाची कॅप्टन. अंगात हॉस्पिटलमधला नर्सचा ड्रेस. म्हणाली, "इरा कुठाय? तिचा अर्धा क्लास राहिलाय."