ताईंचा ग्लास

ट्रेमध्ये सहा कपबश्या होत्या आणि एक कागदी कप. कागदी कप माझा.

साकोली तालुक्यातल्या एका गावात, माजी सरपंचांच्या पडवीत मी बसले होते. गावाचं नाव घेत नाही. घेतलं तर शेजारची गावं उगाच पवित्र ठरतील. विषय होता गावच्या मालगुजारी तलावाचा, जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या. तलाव गाळाने भरलेला, बेशरमाच्या झुडपांनी माजलेला. पाणी शेवटच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे खाचरांपर्यंत, पोचत नव्हतं, आणि धानाच्या त्या शेवटच्या बांध्या बौद्ध वस्तीच्या. आमच्या लोकांच्या. तलाव उपसायचा तर माझी संस्था हवी होती. यंत्र आमचं, आराखडा आमचा, सही माझी.

शेजारी माझी सहकारी बसली होती. तिच्या नेमणूकपत्रावर माझी सही आहे. तिला कपबशी. तलाव समितीच्या सगळ्यांना कपबशी.

सरपंच (पद गेलं तरी गाव त्यांना सरपंचच म्हणतं) हसत म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी पेशल. पिऊन झालं का फेकून द्या. धुवाची कटकट नाही."

मी प्यायले. वर "चहा छान झाला" असंही म्हणाले. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मला कळलं नाही असं नाही. आई दुसऱ्यांच्या बांधीत धानाचा रोवणा करायची, तेव्हा तिला पाणी वरून ओंजळीत ओतलेलं मिळायचं. मी शेताच्या धुऱ्यावर बसून ते पाहिलेलं आहे. पुढे शिकले, नागपूरच्या संस्थेत नोकरी केली, मग स्वतःची संस्था काढली, तलाव समित्यांचा संघ उभा केला, त्याचीही अध्यक्ष झाले. एवढं करून मिळाला कागदी कप. आईची ओंजळ निदान तिची स्वतःची होती.

त्या दिवशी परतताना साकोलीत भांड्याच्या दुकानातून स्टीलचा ग्लास घेतला. पुढच्या मीटिंगला चहा आला तसा पिशवीतून बाहेर काढला. म्हणाले, "मी डिस्पोजेबल वापरत नाही. कचरा होतो."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सरपंचांनी स्वतः किटली उचलली आणि वरून, हातभर अंतरावरून, माझ्या ग्लासात चहा ओतला. प्यायल्यावर तो मीच विसळला. त्यांच्या अंगणातल्या नळावर नाही, माझ्या गाडीतल्या बाटलीच्या पाण्याने. कोणी सांगितलं नव्हतं. मीच त्यांना सांभाळून घेत होते. तलावासाठी, कामासाठी, अशी मनाची समजूत घालत होते. गावोगाव. वर्षानुवर्षं.

मग भंडाऱ्याला आमच्या संघाची कार्यशाळा झाली. निधी देणाऱ्या संस्थेचे एक सर पुण्याहून आले होते. मऊ बोलणारे, खादी घालणारे. त्यांनी मंचावर माझा ग्लास उचलला आणि सभागृहाला दाखवला.

"हा ग्लास नीट बघा. ताई कित्येक वर्षं तो स्वतःबरोबर बाळगतात. याला म्हणतात पर्यावरणनिष्ठा."

टाळ्या. सरपंच पहिल्या रांगेत. सगळ्यात जोरात तेच वाजवत होते. मी हात जोडून उभी. लाज वाटली, आणि तरी जोडलेले हात सोडले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत त्याच गावच्या वस्तीतली एक बाई माझ्याजवळ आली. महिला गटाची अध्यक्ष. तिची बांधी पाण्याच्या अगदी शेवटाला. ती टाळ्या वाजवत नव्हती, हे मी मंचावरून पाहिलं होतं.

"आमाले वाटलं का तुमी आल्या त आमचेबी कप बदलतीन," ती म्हणाली. "तुमी त आपलाच गिलास घेऊन आल्या. आता सरपंच आमाले म्हणते, मॅडम आणते, तुमी कायले नाही आणत?"

मला तोंड वर करवेना. माझ्यामुळे अख्ख्या वस्तीला घरून भांडं आणायला सांगितलं जात होतं, आणि त्याला नाव होतं पर्यावरण.

निधीसाठी वर्षानुवर्षं रखडलेल्या त्या तलावाच्या कामाची शेवटची मीटिंग त्याच पडवीत झाली. करारावर सही व्हायची, की चार दिवसांत जेसीबी येणार. मी ग्लास नेला नाही.

"ताई, गिलास इसरल्या वाटते," सरपंच म्हणाले आणि आत पाहून ओरडले, "कागदाचा आण वं एक."

"नको. यातलीच कपबशी द्या."

समितीतला एकजण मोबाइल काढून बघू लागला.

"घरात म्हातारी माय हाये, ताई. आमाले काही नाही. तिच्या जिवाले लागते."

"बोलवा मायले. मी बोलते."

"तलावाच्या कामात हे कायले आणता? जाऊ द्या. आज चहाच राहू द्या."

ट्रे आत गेला. सगळ्यांचाच.

"मंग सहीबी राहू द्या," मी म्हणाले. करार पिशवीत घातला आणि उठले. माझ्या सहकारीला उठायला जरा वेळ लागला. तेही मी पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या सरांचा फोन. "एका कपापायी तुम्ही गावाचं पाणी अडवलंत. कामासाठी व्यक्तिगत अपमान बाजूला ठेवता आला पाहिजे."

"सर, तुम्हाला कधी ठेवावा लागला?"

त्यांनी फोन ठेवला. त्या वर्षी निधीही आला नाही.

उन्हाळा गेला, तलाव तसाच राहिला. दिवाळीच्या आत त्या बाईची बांधी वाळली. मी तिच्याकडे गेले. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या.

"आमचं धान गेलं. पोटाले चिमटा तुले नाही, आमाले बसला." पहिल्यांदाच ती मला तू म्हणत होती. "पण आता मांग सरकशील त वस्तीत पाय ठेवू देणार नाही."

आता आमच्या करारात पहिलं कलम गाळाचं नसतं. चहा, पाणी, जेवण, बसायची जागा सगळ्यांना एकच, हे पहिलं. ते ऐकून दोन गावांनी आम्हाला परत पाठवलं. आलो परत.

गेल्या आठवड्यात सरपंचांचा निरोप आला. तलाव पार आटला आहे. वाळायला आता त्यांच्या स्वतःच्या बांध्या लागल्या. "मीटिंग ग्रामपंचायतीत घेऊ. चहापाणी ठेवतच नाही, म्हणजे वादच नाही." हुशार माणूस. जन्मभर चहा सोडेल, पण कपबशी देणार नाही.

वस्तीला विचारून मी उलट कळवलं. मीटिंग तुमच्याच पडवीत होईल. वस्तीतल्या बाया माझ्यासोबत खुर्चीवर बसतील. चहा होईल, तुमच्याच घरच्या कपबश्यांत, आणि तुमची माय समोर बसून बघेल. त्याआधी जेसीबी तलावात उतरणार नाही. या उन्हाळ्यात नाही. पुढच्याही नाही.