शास्त्रात लिहिलंय

आमच्या ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्राला नुसतं 'शास्त्र' म्हणायची पद्धत आहे. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणजे माझ्याही हातात शास्त्रच. मुलगी लहान असताना जेवणाआधी मी "शास्त्र आण" म्हणालो की ती मुद्दाम माझं भूगोलाचं पुस्तक घेऊन यायची आणि तिची आई तिला लाटणं दाखवायची. हसून झालं की दुसरं शास्त्र उघडायचं, प्रार्थना करायची आणि ताटावर बसायचं. दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर असायची, त्यांचं कधी भांडण झालं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

मग कॅन्सरनं बायको गेली. आमच्या जुन्या चर्चची मंडळी रीतसर आली, गीतं म्हटली, चहा घेतला आणि आपापल्या कामाला लागली. उचगावच्या एका नव्या सहभागितेचे, म्हणजे चर्चबाहेर जमणाऱ्या प्रार्थनामंडळाचे लोक मात्र येत राहिले. त्यांच्यातल्या बायका मुलीजवळ बसायच्या, भाकरी थापायच्या, तिच्याबरोबर रडायच्या. हे मला कबूल करायलाच हवं, कारण पुढं त्यांच्यावर मी फार चिडलो. मुलगी तिथं जाऊ लागली आणि काही महिन्यांनी तिनं माझ्या कपाटातला दगड झालेला शिंपला उचलून हातात धरला.

"पप्पा, ह्यो कोट्यवधी वर्षांचा म्हणून कुणाला सांगत जाऊ नका. पृथ्वीच सहा हजार वर्षांची हाय. शास्त्रात लिहिलंय."

"कुठल्या शास्त्रात?" मी जुन्या सवयीनं विचारलं. ती हसली नाही.

त्या सहभागितेत जे शिकवत होते ते आमच्या कोल्हापूरकडंच खपलं असतं. देवानं पाठवलेल्या जलप्रलयात सगळे जीव गाडले गेले, त्यांचेच दगड झाले आणि जमिनीचे सगळे थर त्या एका पुरात बसले, असं त्यांचं म्हणणं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटवायला चित्रं काढावी लागली असती. आमच्याकडं महापूर प्रत्येकाच्या कमरेला ठाऊक आहे. शिरोळकडच्या आमच्या गावच्या घरात पूर ओसरल्यावर मी आणि मुलीनंच फावडं मारलं होतं. गाळ कापला की कडेला पट्टे दिसायचे, खाली वाळू, वर चिकण, वर पुन्हा वाळू. आठवड्याभरात एवढं झालं, तर साऱ्या पृथ्वीच्या पुरात काय होणार नाही? ज्यानं ज्यानं गाळ उपसला होता तो मान डोलवायचा. चूक होती, पण घाम गाळून मिळवलेली चूक होती, आणि तसली चूक कुणाला सोडायला लावणं मला वर्गातही कधी जमलं नाही.

एके दिवशी मुलगीच म्हणाली, "पप्पा, रविवारी या की. तुम्ही भूगोलाचे सर. गाळाचं दोन शब्द सांगा. मी सगळ्यांना सांगून आलोय." आमच्या इकडच्या पोरींसारखी तीही 'आलोय, गेलतो'च म्हणते, आईनं कितीदा टोकलं तरी. तिनं बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं काही मागितलं होतं. मी गेलो.

पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कानठळ्या बसवणारा स्पीकर. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, तरुण आणि अदबशीर. "या सर, बसा की. भूगोलाचा माणूस आपल्यात आलाय, तर हुंदेत दोन शब्द."

मी गाळाचं सांगितलं, पण तिला हवं होतं तसं नाही. म्हणालो, पुराचा गाळ पट्ट्यापट्ट्यांनी बसतो, खरं आहे. पण आपल्या पायाखालचा काळा दगड पाण्यानं आणलेला नाही, तो वितळून वाहत आलाय. खाणीत जाऊन बघा, दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडी पट्टी दिसते. पहिला दगड थंड झाला, झिजला, त्याची माती झाली, मग वरून पुन्हा वितळलेला दगड आला आणि ती माती तव्यावरच्या भाकरीसारखी भाजून निघाली. दगडाची माती व्हायला किती काळ लागतो, ते शेतकऱ्यांना मी सांगू? आणि पुराच्या पाण्यात माती भाजायची कशी?

मग मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सर, तवा तुम्ही तिथं हुता काय?"

शेड हसली. माझं डोकं फिरलं. "तुम्ही तरी हुता काय?" मी ओरडलो. पाळकांनी पटकन हात वर करून प्रार्थना सुरू केली, माझ्या हृदयाचे डोळे उघडावेत म्हणून. मी डोळे मिटून तसाच उभा राहिलो.

मुलीच्या गाडीवर मागं बसून घरी आलो. घरात आल्यावर चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "दगड किती का जुना असंना, पप्पा. मला दगडाशी काय करायचंय? पापानं मरण आलं, शास्त्रात लिहिलंय. त्याच्या आधी मरण नव्हतं. तुमचा शिंपला माणसाच्या आधी मेला असंल, तर मरण पहिल्यापास्नंच हाय. देवानंच ठेवलंय. मग आईला त्यानं ठरवूनच मारलं. मग शेवटच्या दिवशी तो तिला परत कशाला उठवंल?"

मी आमच्या चर्चमध्ये अशा वेळी म्हणतात तेच म्हणालो, की सृष्टी सहा दिवसांत केली म्हटलं तरी देवाचा दिवस आपल्या दिवसासारखा नसतो, त्याचा एक दिवस म्हणजे युगंही असतील.

"मग आई उठायचा दिवसबी तसलाच म्हणायचा? सांगा की."

ती वाद घालत नव्हती. खरंच विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत दारात उभी होती.

"मला न्हाय म्हाईत," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणून आत गेली. त्यानंतर आमचं भांडण झालेलं नाही. ती माझा डबा करते, औषधाची आठवण करते, आणि आईबद्दल माझ्यापाशी एक अक्षर बोलत नाही. तांबड्या पट्टीबद्दल मी बोललो ते खरंच होतं, उद्याही तेच बोलेन. त्याचा मला काडीचा आधार वाटत नाही.

परवा बायकोच्या वाढदिवसाला मुलगी उचगावच्या बायकांना घेऊन दफनभूमीत जाऊन आली. मला विचारलं नाही. दुपारी मी एकटा गेलो. कबरीवर त्यांची शेवंती होती, अजून ताजी. मी नेहमीसारखी टोपी काढली, प्रार्थना सुरू केली, 'आमची पुन्हा भेट होईल' इथवर आलो आणि ते शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.