मुद्द्याचं आधी

भाईंकडे कोणीही गेलं की ‘बस’ म्हणण्याआधीच ते म्हणत, “मुद्द्याचं आधी बोल की.” दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या इमारतीत त्यामुळे ते तुसडे म्हणून ठाऊक होते. मी गेले की त्यांच्या सूनबाई हसून म्हणायच्या, “भाई, हे जेल नाही. पोरीला जरा टेकू तर द्या.”

भाई सोलापूरचे जुने कामगार पुढारी. आणीबाणीत आणि पुढे एका संपाच्या खटल्यात त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. भेटायला आलेली बायको तब्येतीची चौकशी करत राही आणि खरी अडचण सांगायच्या आत शिपाई तिला उठवत असे. मुलाला टायफॉइड झाल्याचं एकदा असंच सांगायचं राहून गेलं. तेव्हापासूनची ही सवय.

त्याच मुलाकडे ते दोह्यात राहत. डोळे अधू झाल्याने मी त्यांना फोनवरचं वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. उन्हाळ्यात कोणी ‘घरात डांबल्यासारखं झालंय’ म्हणालं की ते विचारत, “कडी आतून आहे ना? मग तक्रार कसली?”

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी माझा आणि एका मैत्रिणीचा प्रोजेक्ट सारखा निघाला. तिने माझा उतरवला होता, पण संशय दोघींवर आला. कबुलीवर सही केली तर फक्त त्या विषयात नापास. नाकारलं तर चौकशी, आणि त्यात दोषी ठरले तर कॉलेजमधून नाव कमी. त्या दिवशी मी भाईंसमोर नुसत्या बातम्याच वाचत राहिले.

“आता मुद्द्याचं,” ते म्हणाले.

मी सांगितलं. मला वाटलं, ज्यांनी सुटकेसाठी माफीनाम्यावर सही केली नाही ते ‘सही करू नकोस’ असंच म्हणतील. त्यांनी विचारलं, “बापाला सांगितलंस?”

“नाही. ते घाबरतील.”

“मीसुद्धा आमच्या हिला न विचारताच माफीनामा परत केला. लोकांनी मला हार घातले, हिने घर चालवायला विड्या वळल्या. आजही मी सही करणार नाही. पण आधी तिला विचारीन. तू जा, यल्ला, चल लवकर.”

माझे बाबा एसी दुरुस्त करतात. ते कामावरून आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, “तू उतरवलंस का?”

“नाही.”

“मग सही नको. आत काय बोलायचं ते मला कळणार नाही. पण मी येतो.”

चौकशीत माझे सुरुवातीपासूनचे कच्चे मसुदे पाहून मला निर्दोष ठरवलं. तोवर भाई सोलापूरला परतले होते, कायमचे. मी फोन केला. “भाई, सुटले.”

“बाप कुठं होता?”

“बाहेर. कामाच्या कपड्यांतच बाकावर बसले होते.”

“आमची हीसुद्धा कोर्टात बाहेरच बसायची,” भाई म्हणाले. “मी कधी वळून बघितलं नाही.”