अप्पांची चौतीस पाखरं

अप्पांनी आयुष्यात अंड्याला दात लावला नाही, आणि त्यांच्या परसात रोज वीस-पंचवीस अंडी निघायची. बोराएवढी, ठिपक्याठिपक्यांची. तिन्हीसांजेला अप्पा लाकडी पळीनं एकेक अंडं उचलायचे, डालड्याच्या जुन्या डब्यात ठेवायचे आणि डबा आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर आणून ठेवायचे. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, डबा उतरवून घ्यायची. गल्लीत कुणाची सून बाळंतपणाला टेकलेली असली की ती अंडी तिच्याकडं जायची. पैसे अप्पांनी कधी घेतले नाहीत. अंड्याला हात लावला नाही तशी त्याची किंमतही लावली नाही.

अप्पा म्हणजे आमच्या गावचे किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अंगात बिनकॉलरचा पांढरा सदरा. आमचं गाव पाटोद्याच्या अलीकडं. माझं घर आणि अप्पांचं घर भिंतीला भिंत. मी जातीचा शेतकरी, तिसरीपर्यंत शाळा, पुढं बैल. ज्वारी निघाली की रानातली लाव्हरी फासे लावून धरण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सांगायचं कारण, पाखराबद्दल मला कुणी शिकवावं असं मला कधी वाटलं नाही.

अप्पांच्या परसातली ही बटेरं, म्हणजे पाळीव लाव्हरीच, अप्पांनी आणली नव्हती. धाकट्या पोरानं धंदा म्हणून शंभर पिल्लं आणली, अर्धी-अधिक विकली, आणि पुण्याला नोकरी लागल्यावर उरलेली चाळीस तशीच टाकून गेला. गावाला वाटलं, अप्पा आता ती कुणाच्या तरी गळ्यात मारतील. अप्पांच्या घरातही तसंच वाटत होतं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, तर म्हणाल्या, पाखरांत हात घालून आलात तर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. अप्पा त्या दिवसापासून दिवसातून तीन वेळा आंघोळ करायला लागले. थंडीतसुद्धा.

बटेराचा एक स्वभाव असतो. कोंबडी घाबरली की पळते, बटेर घाबरलं की सरळ वर उडतं, दगड भिरकावल्यासारखं, आणि डोकं आपटून मरतं. म्हणून अप्पांनी पिंजऱ्याच्या आत, छताच्या खाली, गोणपाटाची झोळी सैल बांधली होती. आपटलं तरी गोणपाटावर आपटायचं. शिवाय पिंजऱ्याजवळ जाताना ते दहा पावलांवरून खोकायचे आणि म्हणायचे, "मी हाय." मगच जवळ जायचे. एकदा पोरानं पुण्याहून तपकिरी कोट पाठवला. अप्पा तो घालून दाणे टाकायला गेले तर पाखरांनी एकच कालवा केला. अप्पांनी कोट काढला, भिंतीवरून माझ्याकडं टाकला आणि म्हणाले, "तू घाल नाना. ह्यांना माझी वळख सदऱ्यावरून हाय." तो कोट अजून माझ्याकडं आहे.

आमचं बिनसलं ते माझ्या जावयावरून. जावई पहिल्यांदाच राहायला आले होते. मला वाटलं, बटेराचा रस्सा करावा, जावई आयुष्यभर नाव काढतील. भिंतीवरून म्हणालो, "अप्पा, सहा पाखरं द्या."

"न्हाई."

"फुकट न्हाई मागत."

"इकत बी न्हाई. जावायाला बोकड काप की बे. माझ्या दारात आलेलं पाखरू तुझ्या चुलीवर कावून जाईल?"

मंडळी ऐकत होती, जावई ओसरीत बसलेले. माझा अपमान झाला. मी त्या दिवसापासून अप्पांशी बोलणं टाकलं. अंड्याचा डबा भिंतीवर यायचा, मंडळी उतरवायची, मी बघायचोसुद्धा नाही. सात-आठ महिने असेच गेले. चुकून समोरासमोर आलो तर मी आभाळाकडं बघायचो.

पहिले बोलले ते अप्पा. आणि कशासाठी बोलले ते ऐका. पाखरांची पिसं गळायला लागली होती, अंडी निम्म्यावर आली होती. गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं, नुसत्या बाजरीच्या भरड्यावर हे पाखरू टिकत नाही, सुकट कुटून घाला. आता अप्पांच्या घरात सुकट. अक्का घर सोडून माहेरी गेल्या असत्या. एका सकाळी भिंतीपलीकडून खोकला आला आणि मग आवाज आला, "नाना, तुझ्या घरी सुकट हाय का?"

मी जागचा हललो नाही. म्हणालो, "तुमाला खायची हाय का?"

"माझ्या पाखरांना." आणि वर म्हणाले, "पोट त्यांचं अन् नियम माझा, आसं कसं चालंल?"

हे वाक्य मी पुढं लई वेळा आठवलं. धर्म पाळणारी माणसं मी खूप पाहिली, पण आपला धर्म दुसऱ्याच्या पोटावर न लादणारा हा एकच. त्या दिवशी मात्र मला एवढं कळलं नाही. मला वाटलं, मी जिंकलो. मी सुकट उन्हात कडक वाळवून खलबत्त्यात कुटायचो आणि पुडी करून भिंतीवर ठेवायचो. अप्पा ती चिमट्यात धरून न्यायचे. महिन्याभरात पाखरं पिसांनी भरली. डबा तिकडून इकडं यायचा, पुडी इकडून तिकडं जायची, आणि आमचं बोलणं आपोआप सुरू झालं.

मग अप्पांचे डोळे गेले. साखर वाढली होती. पोरगा म्हणाला, आता पुण्याला चला, दुकान बंद करा. दुकानाचं अप्पांना वाईट वाटलं नाही. चौतीस पाखरं उरली होती, त्यांचं काय? पाटोदा रोडच्या धाब्यावाल्यानं निरोप पाठवला होता की सगळी एकदम घेतो. अप्पा काठी टेकत माझ्या ओसरीवर आले, बाजेवर बसले.

"चौतीस हायेत," म्हणाले. "तू कोंबडी खातूस, बोकड खातूस, मला ठाऊक हाय. ह्यांना खायचं न्हाई, इकायचं न्हाई. मरतील तवा मरतील."

"शपथ घेऊ का?"

"शपथ कावून? हो म्हण की."

मी म्हणालो, "हो."

अख्ख्या गावात अप्पांनी आपली पाखरं द्यायला माणूस शोधला तो फासेवाला. ह्या गोष्टीचा मला लई अभिमान वाटला, आणि त्या अभिमानानंच घात केला. अप्पांचा पिंजरा मला दरिद्री वाटायचा. गोणपाट लोंबतंय, काथ्या सुटलाय. माझ्याकडं आल्यावर पाखरांची सोय चांगली दिसली पाहिजे. पाटोद्याहून पत्रा आणला, छताला ठोकला, गोणपाट काढून फेकलं. मंडळी म्हणाली, "अप्पांनी बांधलं होतं ते काही इचार करूनच बांधलं आसंल." मी म्हणालो, "मला पाखरं शिकवू नको."

अप्पांचा पुण्याहून दर सोमवारी सकाळी, पूजा उरकली की, फोन यायचा. एकच प्रश्न. "किती?" मी म्हणायचो, "चौतीस." मग म्हणायचे, "फोन पिंजऱ्यापाशी धर." मी धरायचो. नर ओरडायचे, अप्पा ऐकायचे, "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बैलांची मिरवणूक आमच्याच गल्लीतून निघाली. आमच्या दारापुढं हलगी कडाडली आणि परसात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. मी बैलाचा कासरा टाकून पळालो. अकरा पाखरं खाली पडलेली. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाची मान मोडलेली. बाकीची कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून थरथरत होती. मी तिथंच पत्रा उचकटून काढला. गोणपाट उकिरड्यावर पडलं होतं, ते झटकून पुन्हा बांधलं. अकरा पाखरं शेतात लिंबाखाली पुरली. मंडळीनं त्या दिवशी पुरणपोळीला हात लावला नाही.

"सोमवारी सांगा अप्पांना," ती म्हणाली.

"सांगतो."

सोमवारी फोन आला. "किती?"

मी म्हणालो, "चौतीस."

का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. मी आयुष्यात कुणाला भ्यालो नाही. तलाठ्याला तोंडावर चोर म्हणालेला माणूस मी. पण पाखरं मुंगसानं नेली असती तर सांगितलं असतं. रोगानं गेली असती तरी सांगितलं असतं. ही माझ्या शहाणपणानं गेली होती. त्यानंतर दर सोमवारी मी चौतीस म्हणत राहिलो आणि रविवारपासूनच माझा घास उतरेनासा झाला.

कार्तिकात निरोप आला. अप्पा कपिलधारला दर्शनाला येणार, जाताना घरी थांबणार, पाखरं बघणार. मी कुणाला न सांगता बीडला गेलो आणि अकरा बटेरं घेऊन आलो. त्याच रंगाची, त्याच अंगाची. मंडळीनं पिशवी बघितली आणि म्हणाली, "अप्पांना मोजता येतं, तसं वळखता बी येतं." मी तिच्यावर ओरडलो. ओरडण्यासारखं ती काही बोलली नव्हती.

अप्पा आले. लेकाच्या हाताला धरून परसात गेले. दहा पावलांवर थांबून खोकले, "मी हाय" म्हणाले. पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला आणि तसेच उकिडवे बसून राहिले. काही पाखरं हाताखाली येऊन बसली. काही कोपऱ्यात दाटून राहिली, तिथून हलेनात. पोरानं मोजून सांगितलं, "अप्पा, चौतीस हायेत बघा. नाना काकांनी एकबी कमी होऊ दिलं न्हाई." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. तसं कौतुक कुणा माणसाच्या वाट्याला येऊ नये.

पोरगा गाडी वळवायला गेला. अप्पा आणि मी दोघंच उरलो.

"नवी किती आणलीस?"

"अकरा."

"पहिली कशानं गेली?"

मी सांगितलं. पत्रा, हलगी, सगळं. गोणपाट मी फेकलं होतं हेही सांगितलं. मग अप्पा म्हणाले, "पोळ्यापासून ठाऊक हाय मला. फोनात नर कमी वरडत हुते."

"मग इचारलं कावून न्हाई?"

"इचारीत न्हवतो का? दर सोमवारी इचारीत हुतो."

मला वाटलं, आता म्हणतील की पाखरं परत दे. पोराला सांगून गाडीत घालतील. ते काठी चाचपत उठले आणि म्हणाले, "ती अकरा अजून बुजतेत. धा-पंधरा दिवस तूच दाणे टाक, दुसऱ्या कुणाला जाऊ देऊ नको." एवढंच. माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत चालत गेले.

त्यानंतरही फोन येत राहिला. मी जेवढी असतील तेवढी सांगायचो. बटेराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, म्हातारी झालेली एकेक जात होती. तेहतीस. एकतीस. अठ्ठावीस. कुठलं कशानं गेलं तेही सांगायचो. आकडा उतरत होता, पण माझं जेवण जागेवर आलं होतं. अप्पा प्रत्येक वेळी "बरं" म्हणायचे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला अप्पा पुण्यातच गेले. मला वेळेवर जाता आलं नाही, माती मिळाली नाही. दिवस झाल्यावर पोराचा फोन आला. चांगला पोरगा आहे. म्हणाला, "काका, तुमचं बी वय झालं. अप्पांसाठी लई केलं तुमी. आता ती पाखरं धाब्यावाल्याला देऊन टाका, आमचं काही म्हणणं न्हाई."

मी फोन कानाला धरून परसात गेलो. लांबूनच खोकलो. मग जवळ जाऊन नीट मोजली.

"एकोणीस हायेत," मी त्याला म्हणालो. "त्यातली एक मादी दोन दिवस दाण्याला आली न्हाई. तिचं काई खरं न्हाई."

त्यानं विचारलं नव्हतं. मी सांगितलं.