एक्क्याऐंशी गुंठ्यांचं शेत

"एक्क्याऐंशी गुंठे. बापानं मोजलेली हाय, वाद नाय," शेताचे मालक धर्मादादा म्हणाले. विमलताईंनी टोकनचा चेक पुढे केला होता. मी म्हटलं, "ताई, तो पर्समध्ये ठेवा. आधी टेप लावू."

मी कर्जतचा व्हॅल्युअर. जमिनीची, घरांची किंमत ठरवून देणं हे माझं काम. विमलताई रसायनीच्या एका हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या, मूळच्या खालापूरच्या शेतकरी घरातल्या. फंडाचे झाडून सगळे पैसे त्या पळसदरीच्या या भातजमिनीत घालणार होत्या. गुंठ्याला पन्नास हजार, म्हणजे एकूण साडेचाळीस लाख. मागे उरणार होतं ते किराणा सामानापुरतं.

"दादा, मोजली कशी होती?"

"समोरासमोरच्या बाजू मिळवायच्या, निम्म्या करायच्या आन् गुणायच्या. तुजा बाप पण असाच मोजायचा रं!"

खरं होतं. आमच्या वडिलांची पिढी अशीच मोजायची. कागद नाही, पेन नाही. निमकी-पावकीचे पाढे तोंडपाठ, बांधावर बसल्या बसल्या गुणाकार तयार. आणि त्या आकड्यावर दोन शेजारी डोळे झाकून विश्वास ठेवायचे. माझ्या लॅपटॉपवर आज कुणी तेवढा ठेवत नाही. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो.

पण ही रीत काटकोनी शेतालाच बरोबर. बाजू तिरक्या झाल्या की ती जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणून मी कर्ण धरतो, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ. तिनं शेताचे दोन त्रिकोण पडतात. दोन्हींचं क्षेत्रफळ काढायचं आणि बेरीज करायची. टेपचं एक टोक दादांनीच धरलं.

बेरीज आली बहात्तर. पुन्हा केली. बहात्तरच.

विमलताईंना बाजूला घेतलं. "नऊ गुंठे कमी आहेत. साडेचार लाख फुकट जातील. म्हणजे भाव साडेबारा टक्के वाढेल तेव्हा कुठे तुमची मुद्दल सुटणार. नफा त्याच्या पुढे."

"भाऊ, ते पैसे मी तीस वर्षं पेशंट उचलून कमावलेत," त्या म्हणाल्या. "बहात्तरचेच देईन."

धर्मादादा भांडतील असं वाटलं होतं. ते पलीकडच्या शेताकडे बघत म्हणाले, "थोरल्या भावाचा तुकडा पण बापानं एक्क्याऐंशीच काढला व्हता. वाटणीच तशी केलती, सारखी. तो तर पाटासारखा काटकोनात हाय. त्याचा आकडा बरोबर असंल ना रं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "बरोबरच असणार, दादा."

म्हणजे थोरल्याकडे नऊ गुंठे जास्त गेले होते. वाटणीला चाळीस वर्षं झाली होती.

दादा बांधावर टेकले. मग उठून म्हणाले, "बहात्तरचाच कागद कर. पण थोरल्याला यातलं काय बोलू नको. बापानं दोघांना सारखं दिलं, ह्ये आमी जन्मभर सांगत आलो."

सरकारी मोजणीतही बहात्तरच आले. छत्तीस लाखांत व्यवहार झाला. विमलताईंचे साडेचार लाख बँकेत राहिले.

थोरले अजून कर्जतच्या बाजारात भेटतात. "धाकट्याच्या शेताला भाव बरा आला का रं?" विचारतात. मी म्हणतो, "चांगला आला." पुढे बोलत नाही.

टोकन देण्याआधी कर्ण मोजावा, हा माझा सल्ला कायम आहे. निघालेला आकडा गावभर सांगायचा नसतो, हे मात्र मला धर्मादादांनी शिकवलं.