एका गळ्यातले दोन सूर

लाझार मिनेझिसने उमेदीची सगळी वर्षं प्रवासी जहाजांवर पियानो वाजवण्यात घालवली. बोट ज्या बंदराला लागेल तिथे उतरून तो गाणं ऐकायला जायचा. जॅझ गाणारे त्याने इतके ऐकले होते की पिकल्या केसांनी कुडतरीला परतला तेव्हा आता आपल्याला कुणी चकित करणार नाही, अशी त्याची खात्रीच झाली होती. "माझे कान आता निवृत्त झाले," तो बायकोला सांगायचा.

"नोकरीत होते तेव्हा तरी माझं कुठे ऐकत होते," पेर्पेत म्हणायची आणि पेजेचं भांडं उतरवायला आत जायची.

त्या वर्षी मे महिन्यात वाड्यावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीतल्या, क्रुसापुढे लादीन झालं, सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. लाझार व्हायोलिन घेऊन उभा होता. लादिनाची चाल पिढ्यान् पिढ्या ठरलेली. वरचा सूर बायकांचा, खालचा पुरुषांचा, आणि दोन्ही हातात हात घालून चालणारे. मध्येच बायकांच्या मागच्या रांगेतून तिसराच एक आवाज निघाला. तो वरच्यात नव्हता, खालच्यात नव्हता. दोन्हींच्या मधून तो वाट काढत गेला, जरा थांबला, वळला, आणि शेवटच्या 'आमेन'ला बरोबर घरी पोचला. लाझारच्या हातातला गज तारेवरून कधी उचलला गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

प्रार्थना संपून उकडलेले चणे वाटले जात होते, तेव्हा त्याने ती मुलगी शोधून काढली. तिला तिची आई आनाक्लेता झाडत होती. "लादीन देवाचं असतं, मेलिंद. तुझ्या बापाचं नव्हे."

हे आनाक्लेता नुसतं रागाने बोलत नव्हती. मेलिंदचा बाप ट्रम्पेट वाजवायचा, आणि तोही ठरलेल्या चालीत कधी राहिला नाही. तो गेला तेव्हा मागे एक ट्रम्पेट आणि जॅझच्या तबकड्यांची पेटी राहिली. ट्रम्पेट आनाक्लेताने विकून टाकला. पेटी मात्र मेलिंदने पलंगाखाली सरकवून ठेवली. ती मडगावला एका दुकानात लग्नाचे झगे शिवायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्या तबकड्या ऐकायची. तिला त्यातले गाणारे फारसे आवडत नसत. ती ट्रम्पेटच्या मागे मागे गायची.

"तो सूर कुठून आणलास, बाय?" लाझारने विचारलं.

"आणला नाही, तिओ," काका म्हणावं तसं ती म्हणाली. "मध्ये जागा रिकामी होती. जाऊन बसले."

पुढच्या रविवारी ती त्याच्या घरी आली आणि मग येतच राहिली. लाझार पियानोच्या चार पट्ट्या दाबायचा. ती डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि निघायची. शब्द नसत. कधी 'दा', कधी 'लो', कधी नुसती ओठांची फुंकर. एकच धून तिने दोनदा सारखी गायली, असं कधी झालं नाही. कुठे जायचं हे तिला आधी ठाऊक नसे, तरी ती कधी चुकलेली वाटत नसे.

लाझारने तिला बाणावलीच्या एका हॉटेलात नेलं. मॅनेजरने लोकांच्या आवडीची गाणी सांगितली. पहिल्या कडव्याला मेलिंदने ते गाणं जसंच्या तसं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला तिने ते शिवण उसवावी तसं उसवलं, आणि तिसऱ्याला त्याच कापडाचं भलतंच काही शिवून दिलं. समोरच्या टेबलावरची माणसं काटे-चमचे खाली ठेवून बसली.

"बाई, लोक इथे जेवायला येतात," मॅनेजर नंतर म्हणाला. "तुम्ही गायला लागलात की ती जेवायची थांबतात." त्या हॉटेलातली ती पहिली आणि शेवटची संध्याकाळ. परत येताना लाझार धुसफुसत होता. मेलिंद स्कूटरवर मागे बसून हसत होती. "तिओ, माझं एवढं कौतुक अजून कुणी केलं नव्हतं."

मग तिने ठरवलं की कुणाच्या आवडीची यादी घ्यायची नाही. रविवारी दुपारी लाझारच्या बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीत, बसून गायचं. ज्याला ऐकायचं त्याने यावं. सुरुवातीला वाड्यावर टिंगल झाली. शेजारचा कायतान कुंपणावरून म्हणायचा, "लाझारतिओ, तिला शब्दांचा कागद तरी द्या. विसरते बिचारी." महिनाभराने तोच कायतान घरची खुर्ची डोक्यावर घेऊन आला आणि आंब्याखाली बसला.

पहिली तबकडी त्यांनी घरातच केली. खिडक्यांना गाद्या लावल्या. पणजीहून एक ओळखीचा रेकॉर्डिंगवाला यंत्रं घेऊन आला. मेलिंद अगदी रंगात आली असताना बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. रेकॉर्डिंगवाल्याने यंत्र बंद करायला हात पुढे केला. मेलिंदने डोळे न उघडताच तो भोंगा उचलला. त्याचे ते दोन बेसूर सूर तिने आधी जसेच्या तसे काढले, मग त्यांच्यामधलं अंतर ताणलं, मग त्यातून अशी काही लांबलचक धून काढली की लाझारला तिच्या मागे धावताना धाप लागली. बाहेर पोदेर पावाची टोपली घेऊन उभाच राहिला. वाड्यावर त्या दिवशी सगळ्यांना पाव उशिरा मिळाले.

तबकडीची वेष्टनं तिने झग्यांच्या उरलेल्या साटीनची शिवली. कुठली कंपनी नाही, कुणी दलाल नाही. तरी त्या तबकड्या हातोहात लांब पोचल्या. पुण्याहून, कोचीहून बोलावणी आली. ती आणि लाझार जायचे, गाऊन यायचे, आणि सोमवारी ती पुन्हा शिवणयंत्रावर बसायची.

चाळिशी ओलांडली तेव्हा तिच्या गळ्याला गाठ आली. शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाजाची एक नस गाठीत गुंतली आहे. जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. जीव वाचला. घशातला एक पडदा मात्र लुळा पडला. बोलायला तोंड उघडलं की हवा यायची, आवाज यायचा नाही.

लाझार भेटायला गेला तेव्हा ती काजं करत बसली होती. तिने हाताने त्याला बसायची खूण केली आणि पुन्हा सुई उचलली. घरी येऊन त्याने पियानोवर विणलेलं कापड घातलं आणि वर फुलदाणी ठेवली.

"वाजव की," पेर्पेत म्हणाली. "तू काही मेलेला नाहीस."

"कुणासाठी वाजवू?"

"मी इथे राहते, हे तुझ्या ध्यानात आहे ना?"

पण त्याचे हात चालेनात. पेर्पेतनेही मग आग्रह सोडला. ती मेलिंदसाठी नऊ दिवसांची नोवेना करत होती, हे त्याला पुढे कळलं.

मडगावला सुलक्षा नायक नावाची एक तरुण बाई आवाजाचे व्यायाम शिकवायची. मेलिंद तिच्याकडे जाऊ लागली. हळूहळू घशातून घोगरा आवाज निघू लागला. एक दिवस तो आवाज मध्येच फाटला आणि दोन सूर एकदम ऐकू आले, एक जाड, एक बारीक.

"घाबरू नका," सुलक्षा म्हणाली. "तुमचे दोन पडदे वेगवेगळ्या वेगाने हलताहेत, म्हणून असं होतं. हेच आपल्याला घालवायचंय."

"घालवायचं?" मेलिंदने पुटपुटत विचारलं. "मला ते ठेवायचं असेल तर?"

सुलक्षाने पेन खाली ठेवलं. असं आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं. थोडा विचार करून ती म्हणाली, "मग दोन्ही शिकू. बोलताना एक करायचा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

एका सकाळी मेलिंद लाझारच्या दारात उभी राहिली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तिओ, ती फुलदाणी उचला."

त्याने फुलदाणी उचलली, कापड काढलं आणि एक पट्टी दाबली. मेलिंदने श्वास घेतला. आधी नुसता वारा आला, मग त्यात खरखर, मग खालचा एक सूर. पूर्वीचा तो लखलखीत आवाज कुठेच नव्हता. लाझारने मान खाली घातली. तिचे हाल बघवेनात. तेवढ्यात खालच्या सुराच्या अंगातून वरचा सूर उगवला. दोन्ही एका गळ्यात, एका श्वासात. वरचा हलत होता, खालचा जागच्या जागी होता. मग खालचाही हलला, दोन्ही जवळ आले, एकमेकांना घासले, आणि त्या घासण्यातून खोलीत एक गुणगुण उठली. कपाटातल्या काचेच्या पेल्यांनी तिला साथ दिली.

पेर्पेत स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने नकळत कपाळाला हात लावून क्रूस काढला.

"तो वरचा बोलावलं की येत नाही," मेलिंद दम घेत म्हणाली. "मी वाट करून ठेवते. आला तर आला."

जगभर ऐकलेल्या सगळ्या गळ्यांमध्ये लाझारला असं काही भेटलं नव्हतं, आणि जे भेटलं ते त्याच्याच वाड्यावर, ज्या गळ्याची आशा सोडून त्याने पियानोवर कापड घातलं होतं त्याच गळ्यात.

पावसाळा सरल्यावर गावच्या सभागृहात चर्चमधल्या रविवारच्या मिसेनंतर तिने गायचं ठरवलं. गाव लोटला. बरेच जण कणवेने आले होते, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. आनाक्लेता पहिल्या रांगेत जपमाळ ओढत बसली होती. मेलिंद सुरुवातीला बराच वेळ नुसता श्वास गायली. मागे कुणीतरी खोकलं, एका बाईने डोळ्याला पदर लावला. मग तो दुसरा सूर आला, आणि बाईने पदर तसाच अर्ध्यात धरून ठेवला. आनाक्लेताचे मणी थांबले. लाझार थोडा वेळ मेलिंदबरोबर पियानो वाजवत राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण दाबलेली प्रत्येक पट्टी इथे जास्तीची आहे. त्याने हात मांडीवर ठेवले. त्यानंतर ती एकटीच गायली, आणि तरी एकटी वाटली नाही.

संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. बाहेर कावळे ओरडत होते, तेवढंच ऐकू येत होतं. मग कायतान उभा राहिला, त्याच्यामागे सगळं सभागृह उभं राहिलं.

पणजीचा रेकॉर्डिंगवाला धावत पुढे आला. "मेलिंद, मी यंत्रं आणली नव्हती. उद्या हेच पुन्हा गाशील?"

"उद्या गाईन," ती म्हणाली. "हेच कसं गाणार? हे झालं."

त्यानंतर ती अनेक गावी गायली, दोन तबकड्याही निघाल्या. लाझारची बोटं आखडली, तेव्हा चांदरच्या एका बासवाल्याने तिची साथ धरली. आता लाझार श्रोत्यांत बसतो. इतकी वर्षं साथ करताना अर्धं लक्ष पुढच्या पट्टीकडे असायचं. आता हात मोकळे आहेत. मेलिंद तोंड उघडते, आणि पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नसतं. तिलाही नसतं. म्हातारा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसतो आणि पापणीही लववत नाही.